झाडाच्या मुळाशी पंप नसतो

तेरड्याची फांदी लाल शाईच्या पाण्यात ठेवण्याचा प्रयोग शाळांमधून वर्षानुवर्षं होत आला आहे. काही वेळाने तिच्या पारदर्शक खोडात लाल रेघा चढलेल्या दिसतात. तरी हीच मुलं मोठी झाल्यावर ठासून सांगतात, की मुळं पाणी वर ढकलतात. त्या तोडलेल्या फांदीला मूळ होतंच कुठे?

पुरावा म्हणून पहाटे अळूच्या पानाच्या टोकाशी लटकणारा थेंब दाखवला जातो. तो दव नसून मुळांच्या दाबाने बाहेर आलेलं पाणी असतं, हे खरं. पण हा मूलीय दाब सहसा हवेच्या दाबाच्या एक-दोन पटच असतो, तोही माती ओली आणि हवा दमट असताना, मुख्यतः रात्री. भर दुपारी झाडाला पाण्याची सर्वाधिक गरज असते, तेव्हा तो जवळजवळ नाहीसा झालेला असतो.

मग दुसरं ठरलेलं उत्तर येतं : केशाकर्षण. इथे साधं गणित करून पाहायला हवं. 20 मायक्रॉन त्रिज्येच्या नळीत पाणी केशाकर्षणाने जेमतेम पाऊण मीटर चढतं. कोकणातला उंच माड 20 मीटरच्या पुढे जातो. कॅलिफोर्नियातला ‘हायपेरियन’ हा रेडवूड वृक्ष तर 115 मीटरहून उंच आहे. पाऊण मीटरच्या हिशोबाने त्याच्या शेंड्याला पाणी कसं मिळेल?

खरं काम वर, पानात चालतं. पर्णरंध्रं उघडली की पेशींच्या ओल्या भिंतींवरून पाण्याची वाफ होते. भिंतींच्या अतिसूक्ष्म छिद्रांत उरलेलं पाणी आत सरकतं आणि मागच्या पाण्याला ओढतं. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असल्यामुळे ही ओढ जलवाहिन्यांतून थेट मुळांपर्यंत पोचते. डब्लिनमधल्या हेन्री डिक्सन आणि जॉन जोली यांनी हे 1894मध्ये मांडलं. ताकद उन्हाची, या चढणीसाठी झाडाला स्वतःची साखर जाळावी लागत नाही.

“पण जगदीशचंद्र बोस यांनी तर पेशींची धडधड दाखवली होती!” असा आक्षेप हमखास येतो. बोस यांनी 1923च्या आपल्या ग्रंथात, खोडातल्या जिवंत पेशी स्पंदनाने रस वर चढवतात, असं मांडलं हे खरं. त्यांच्या उपकरणांची सूक्ष्मता थक्क करणारी होती, पण हा निष्कर्ष टिकला नाही. त्याआधीच जर्मनीत एडुआर्ड स्ट्रासबुर्गर यांनी तोडलेल्या उंच झाडांना विषारी द्रावण पाजून खोडातल्या पेशी मारल्या होत्या; तरीही पाणी चढत राहिलं. पुढे 1965मध्ये पेर शोलँडर आणि सहकाऱ्यांनी फांद्यांमधला हा ताण दाबपात्राने मोजला. खारफुटीत तो हवेच्या दाबाच्या 30 पटींहून जास्त भरला. थोर माणसाचं नाव घेतल्याने मोजमाप बदलत नाही.

साल गोल काढली की पाणी तुटून झाड मरतं, हाही असाच पक्का समज. डाळिंबाची गुटी बांधणाऱ्याने तो कधीच खोटा ठरवलेला असतो. फांदीची साल कड्यासारखी काढूनही वरची पानं हिरवी राहतात, कारण पाणी आतल्या लाकडातून जातं. तुटतात त्या सालीतल्या रसवाहिन्या. पानांत तयार झालेली साखर कापाच्या वर अडते आणि मुळं फुटतात तीही तिथेच. बुंध्याची साल सोललेलं झाड मरतं, ते मुळं उपाशी राहिल्यामुळे.

झाड शोषलेलं सगळं पाणी वापरतं? नाही, 95 टक्क्यांहून अधिक पाणी वाफ होऊन निघून जातं.

पाणी बुंध्याशीच घालावं? मोठ्या झाडाची पाणी शोषणारी कोवळी मुळं बुंध्यापासून दूर पसरलेली असतात. विदर्भातल्या संत्रा बागांना दुहेरी आळ्याची शिफारस केली जाते, तीही बुंधा कोरडा राहून डिंक्या रोग टळावा म्हणूनच.

पावसात पिवळ्या पडलेल्या कपाशीला लगेच युरिया द्यावा? पाणी ओढायला ऊन पुरतं, पण नायट्रेट आणि पोटॅश आत घेताना मुळांना स्वतःची ऊर्जा खर्चावी लागते आणि त्यासाठी हवा लागते. साचलेल्या पाण्यात ती मिळत नाही. तेव्हा आधी चर काढून शेतातलं पाणी बाहेर घालवायचं, वाफसा येऊ द्यायचा आणि मगच खताचं पोतं उघडायचं.