हगवणीचा जंतू तासाभरात

"पोराले सकाळपासून हगवण लागली जी. सलाईन लावा अन् पॉवरफुल औषध लिहून द्या." मृग लागला की पांढरकवड्याच्या माझ्या दवाखान्यात हे वाक्य दिवसभर कानावर पडतं. निंदणाची मजुरी बुडवून आलेल्या आईच्या हाती मी ओआरएसची पुडी आणि झिंकच्या गोळ्या ठेवल्या, की तिला वाटतं डॉक्टरनं काही दिलंच नाही. मग मेडिकलमधून अँटिबायोटिकची बाटली घरी जाते, दोन दिवसांत जुलाब थांबतात आणि श्रेय बाटलीला मिळतं. ते बहुतेक वेळा आपसूकच थांबणार होते.

नेमका जंतू कोणता, हे मला तेव्हा ठाऊक नसतं. विष्ठेचं कल्चर करायचं तर दोन-तीन दिवस जातात, आणि विषाणू त्यात उगवतच नाहीत. रेणवीय चाचणी ही वाट पाहत नाही. ती जंतूचा जनुकीय धागा शोधून पीसीआरनं त्याच्या असंख्य प्रती काढते. २०१४ साली अमेरिकेत मान्यता मिळालेली एक चाचणी एकाच नमुन्यात जुलाबाचे २२ जंतू सुमारे तासाभरात तपासते. मात्र खर्च हजारांत, मजुराच्या आवाक्याबाहेरचा.

क्षयरोगात हे तंत्र आपल्याकडे रुळलं आहे. सीबीनॅट यंत्र बेडक्यातला जंतू आणि त्याची रिफाम्पिसिन या औषधाला दाद न देण्याची खोड, दोन्ही सुमारे दोन तासांत सांगतं. गोव्याच्या कंपनीचं ट्रूनॅट तर बॅटरीवर चालतं. मग विष्ठेसाठी असंच का नको?

अडचण पोटातच आहे. क्षयरोगाच्या चाचणीत औषधाला न जुमानणारा बदल त्याच जंतूच्या जनुकात शोधला जातो. आतड्यात मात्र निरुपद्रवी जिवाणूंची मोठी वस्ती असते, आणि प्रतिरोधाचं जनुक त्यांच्यापाशीही असू शकतं. आठवडी बाजारात सुरी सापडली म्हणून ती चोराचीच ठरत नाही; भाजीवालीचीही असेल. म्हणून प्रतिरोधाचं नक्की उत्तर हवं असेल, तर जंतू वाढवून त्याच्यावर औषध लावून बघण्याला अजून पर्याय नाही.

दुसरी गोष्ट, जंतू सापडला म्हणजे आजाराचं कारण सापडलं असंही नाही. कोलकात्यासह आशिया-आफ्रिकेतल्या सात ठिकाणी २००७ ते २०११ या काळात मुलांच्या जुलाबांचा मोठा अभ्यास झाला. जुलाब नसलेल्या मुलांच्या विष्ठेतही जंतू होतेच. तेच नमुने रेणवीय पद्धतीनं पुन्हा तपासल्यावर २०१६ साली दिसलं की 'शिगेला' हा जिवाणू आधीच्या अंदाजाच्या जवळपास दुप्पट जुलाबांना जबाबदार आहे, त्याच्याखालोखाल रोटाव्हायरस. पहिल्याला अँटिबायोटिक लागू शकतं, दुसऱ्यावर ते कवडीचं काम करत नाही. उलट पोटातले चांगले जिवाणू मरतात आणि औषधाला न जुमानणारे शिल्लक राहतात. पुढच्या वेळी खरंच गरज पडली, तर तेच औषध हात वर करतं.

म्हणून मला या चाचणीचा मोठा उपयोग औषध देण्यापेक्षा न देण्यासाठी वाटतो. 'हा रोटा आहे, याला अँटिबायोटिक नको,' असा कागद हाती असला, तर आईला समजावणं सोपं जाईल. पण यंत्र गावोगावी ठेवण्याचा हट्ट मी धरणार नाही. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात एक असावं. तिथं रक्त पडणाऱ्या मुलांचे आणि साथ आलेल्या गावांचे नमुने जावेत. सोबत कल्चरही व्हावं. यंदा आपल्या भागात कोणतं औषध चालतंय, हे झरी जामणीपासून उमरखेडपर्यंतच्या डॉक्टरांना कळावं.

पाण्यासारखे जुलाब लागलेल्या पोराला मात्र चाचणीसाठी ताटकळत ठेवायचं कारण नाही. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आणलं, तेव्हा असं यंत्र कुठं होतं? त्यात आता १४ दिवसांच्या झिंकची भर पडली आहे, आणि २०१९ पासून महाराष्ट्राच्या सरकारी लसीकरणात रोटाची लसही सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना मोफत मिळते.

आशाताईकडून ओआरएसची पुडी आजच आणून ठेवा. अंगावरचं दूध, वरण-भात बंद करू नका. शौचातून रक्त पडलं, डोळे खोल गेले, लघवी थांबली, मूल पाणीही पिईना, तर मेडिकलच्या पायऱ्या चढू नका. तडक दवाखाना गाठा.