*नवी इलेक्ट्रिक गाडी : महिन्याला खरा खर्च किती पडतो?*



सोयाबीनचे पैसे खात्यावर यायला लागले आणि आठ-दहा सभासदांचा एकच प्रश्न आला, "सर, इलेक्ट्रिक कार घ्यावी का? किलोमीटरला दीड-दोन रुपयेच लागतात म्हणे."

दीड-दोन रुपये खोटे नाहीत. पण तो फक्त चार्जिंगचा खर्च झाला. ट्रॅक्टरचा खर्च आपण फक्त डिझेलवर मोजतो का? नाही. घसारा, व्याज, विमा, दुरुस्ती हे सगळे धरतो. ट्रॅक्टर शेडमध्ये उभा असला तरी यातले बरेच खर्च चालूच असतात. गाडीचेही तसेच आहे. म्हणून आज औषध-खताऐवजी हा हिशोब देतोय. वही-पेन घेऊन वाचा.

खालचे आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत. तुमचा दर, तुमचे बिल, तुमचे कोटेशन वेगळे असेल. पद्धत मात्र हीच ठेवा.

*१) आधी उभा खर्च : गाडी दारात उभी असली तरी लागणारा*

समजा लहान इलेक्ट्रिक गाडी ऑन-रोड १० लाखांना पडली. ३ लाख पदरचे भरले, ७ लाख कर्ज घेतले. व्याज ९ टक्के, मुदत ५ वर्षे. या दराने लाखाला साधारण २,०७६ रुपये हप्ता बसतो, म्हणजे ७ लाखांना *१४,५३० रुपये*.

पण हप्ता म्हणजे खर्च नव्हे. हप्त्यातला मुद्दलाचा भाग गाडीत गुंतलेला असतो. खरा खर्च असा काढा :

🔸 *घसारा* : १० लाखांची गाडी ५ वर्षांनी ४ लाखांना गेली असे धरा. ६ लाख गेले. भागिले ६० महिने = *१०,००० रुपये*. सगळ्यात मोठा आकडा हाच, आणि जाहिरातीत हाच नसतो. विमा कंपनी ५ वर्षांच्या गाडीची किंमत साधारण निम्मी धरते. इलेक्ट्रिक गाडीचा जुना बाजार अजून लहान आहे, म्हणून मी निम्म्याऐवजी ४० टक्केच धरले.

🔸 *कर्जाचे व्याज* : ५ वर्षांत एकूण साधारण १ लाख ७२ हजार. महिन्याला *२,८७० रुपये*.

🔸 *पदरचे ३ लाख* : हे बँकेत ठेवले असते तर ६ टक्क्यांनी महिन्याला *१,५०० रुपये* मिळाले असते. ते बुडाले, म्हणून खर्चात धरा.

🔸 *विमा* : वर्षाला सरासरी २४,००० धरले तर *२,००० रुपये*. पहिल्या वर्षी जास्त, नंतर कमी होतो.

🔸 *घरची वायरिंग* : मीटरपासून वेगळी लाइन, १६ अँपियरचा पॉइंट, एमसीबी, चांगली आर्थिंग. १२,००० धरले तर ६० महिन्यांत *२०० रुपये*.

उभा खर्च झाला *१६,५७० रुपये*. गाडी अजून एक किलोमीटरही चाललेली नाही.

*२) आता चालता खर्च*

महिन्याला १,००० किमी धरू. त्यातले ८०० किमी घरच्या चार्जिंगवर, २०० किमी बाहेरच्या फास्ट चार्जरवर.

लहान गाडी एका युनिटला ७ किमी धरा. कंपनी जास्त सांगेल, पण चार्ज करताना थोडी वीज वाया जाते आणि आपले रस्तेही आपल्याला माहीत आहेत.

🔸 घरी : ८०० ÷ ७ = ११४ युनिट × १३ रुपये = १,४८० रुपये
🔸 बाहेर : २०० ÷ ७ = २९ युनिट × २० रुपये = ५८० रुपये
🔸 चार्जिंग एकूण : *२,०६० रुपये*
🔸 सर्व्हिसिंग आणि टायर : *८०० रुपये*. इंजिन ऑइल, फिल्टर नाही, म्हणून सर्व्हिसिंग स्वस्त. टायर मात्र लागतातच.

*एकूण : १६,५७० + २,०६० + ८०० = १९,४३० रुपये महिना.*

म्हणजे किलोमीटरला दोन नव्हे, *साडेएकोणीस रुपये*.

*३) मग पेट्रोल गाडी स्वस्त का?*

थांबा, तिचाही हिशोब तसाच करू. त्याच मापाची पेट्रोल गाडी ऑन-रोड साडेसात लाख. ३ लाख पदरचे, साडेचार लाख कर्ज. ५ वर्षांनी निम्म्या किमतीला गेली.

घसारा ६,२५० + व्याज १,८४० + पदरच्या पैशाचे १,५०० + विमा १,७०० + सर्व्हिसिंग-टायर १,३०० + पेट्रोल ६,१८० (लिटरला १७ किमी, दर १०५ रुपये) = *१८,७७० रुपये*.

आता किलोमीटर बदलून बघा :

📌 *महिना ५०० किमी* : इलेक्ट्रिक १८,३०० | पेट्रोल १५,३८०
📌 *महिना १,००० किमी* : इलेक्ट्रिक १९,४३० | पेट्रोल १८,७७०
📌 *महिना २,००० किमी* : इलेक्ट्रिक २२,०९० | पेट्रोल २५,९५०

या उदाहरणात साधारण *१,१५० किमीला* दोघी बरोबरीत येतात. त्याच्या वर जितके चालवाल तितकी इलेक्ट्रिक गाडी परवडते. त्याच्या खाली ती पेट्रोलपेक्षा महागच पडते, चार्जिंग कितीही स्वस्त असो.

आणि तिसरा पर्याय विसरू नका. महिन्याला ५०० किमीच फिरणे असेल आणि भाड्याची गाडी किमीला १४ रुपयांनी मिळत असेल, तर ७,००० रुपयांत काम होते. कुठे १८,३०० आणि कुठे ७,०००!

म्हणून शोरूमला जाण्याआधी *एक महिना फिरणे लिहून काढा*. बाजार समिती, दवाखाना, मुलांचे कॉलेज, लग्नकार्य सगळे लिहा. शेतावरची रोजची चक्कर यात धरू नका, ती मोटारसायकलवरच होणार आहे. बार्शीहून सोलापूर जाऊन-येऊन साधारण १४० किमी होते. अशा आठ फेऱ्या दर महिन्याला खरोखर होतात का, हे स्वतःला विचारा.

*४) विजेचे तीन मुद्दे, नीट वाचा*

⚡ *स्लॅब* : घरगुती बिलात पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० महाग, त्यापुढे आणखी महाग. घरात सध्या ९० युनिट जळत असतील तर गाडीचे जवळजवळ सगळे ११४ युनिट वरच्या स्लॅबमध्ये जातील. म्हणून सरासरी दर धरू नका, *वरच्या स्लॅबचा* दर धरा. त्यात वहन आकार, इंधन समायोजन आणि वीज शुल्क मिळवा. हे सगळे तुमच्या बिलाच्या तपशिलात छापलेले असते.

⚡ *मंजूर भार* : लहान गाडीचा साधा घरगुती चार्जर साधारण ३.३ किलोवॅट ओढतो आणि आठ-नऊ तास चालतो. वाड्या-वस्त्यांवर बऱ्याच घरांचा मंजूर भार त्याहून कमी असतो. बिलावर भार बघा, कमी असेल तर वाढवून घ्या. जुन्या वायरवर आणि नुसत्या नावाच्या आर्थिंगवर चार्जिंग लावू नका, हा आगीशी खेळ आहे.

⚡ *पंपाची वीज* : दोघा-तिघांनी विचारले, "साडेसात एचपीपर्यंत पंपाचे बिल माफ आहे, मग विहिरीवरच गाडी लावली तर?" *लावू नका.* ती जोडणी पाणी उपसण्यासाठी मंजूर आहे. मंजूर कारणाशिवाय वेगळा वापर सापडला तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते. वापर कधीपासून हे ठरवता आले नाही तर १२ महिन्यांची धरतात. गाडीपायी पंपाची लाइन धोक्यात घालण्यात शहाणपण नाही.

☀️ *सोलर असेल तर* चित्र बदलते. छतावरचा १ किलोवॅट महिन्याला साधारण १२० युनिट देतो, म्हणजे ८०० किमीचे घरचे चार्जिंग जवळपास भागते. पीएम सूर्यघर योजनेत २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटला ३०,००० आणि ३ किलोवॅट किंवा त्यावर एकूण ७८,००० रुपये अनुदान आहे. पण बघा, सोलरने वाचतात ते महिन्याचे दीड हजार. घसाऱ्याचे १० हजार सोलरने कमी होत नाहीत.

*५) कोटेशन घेताना काय विचारायचे?*

✅ इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी ५ टक्के आहे. महाराष्ट्राच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात मोटार वाहन कर माफ आहे. ऑन-रोड किमतीत कराची रक्कम लावली असेल तर कारण विचारा.

✅ केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत खासगी चारचाकीला अनुदान नाही. "नंतर सबसिडी खात्यात येईल" असे कोणी म्हणाले तर लेखी मागा.

✅ बॅटरीची वॉरंटी बऱ्याच कंपन्या ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किमी देतात, यातले जे आधी होईल ते. गाडी विकली तर ती पुढच्या मालकाला लागू होते का, हे लेखी घ्या. पाच वर्षांनी तुमच्या गाडीची किंमत यावरच ठरणार आहे.

✅ बॅटरी भाड्याने देणारी योजना असेल तर किंमत कमी दिसते, पण दर किलोमीटरला भाडे लागते. भाडे किती आणि महिन्याला किमान किती किलोमीटरचे पैसे भरावेच लागतात, ते विचारून चालत्या खर्चात मिळवा.

✅ एका चार्जमध्ये कंपनी सांगते त्याच्या दोन-तृतीयांश अंतर धरा. पुण्याला जायचे तर वाटेत चार्जिंग धरूनच वेळ काढा. सर्व्हिस सेंटर किती लांब आहे, तेही बघा.

*६) सगळ्यात महत्त्वाचे : पैसा सुगीला, हप्ता महिन्याला*

नोकरदाराचा पगार दर महिन्याला येतो. आपले तसे नाही. वरच्या उदाहरणात खिशातून रोख जाणारे पैसे धरा : हप्ता १४,५३० + चार्जिंग २,०६० + विमा २,००० + सर्व्हिसिंग-टायर ८०० = *१९,३९० रुपये महिना*, वर्षाला *२ लाख ३२ हजारांच्या वर*.

हे सोयाबीनमध्ये मोजू. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये. म्हणजे जवळपास *४४ क्विंटल सोयाबीन*. एकरी ८ क्विंटल धरले तर साडेपाच एकरांचे सगळे पीक, तेही बियाणे, खत, फवारणी, मजुरी न वजा करता. आणि हमीभाव हातात पडला तर! पाच वर्षे, दरवर्षी.

एखाद्या वर्षी पाऊस दगा देतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. तेव्हा गाडीचे हप्ते थकले तर सिबिल खराब होते आणि पुढे पीक कर्ज मिळताना अडचण येते. म्हणून तीन गोष्टी पाळा :

1️⃣ पीक कर्जाचे पैसे गाडीच्या डाउन पेमेंटला वापरू नका. ३ लाखांपर्यंतच्या पीक कर्जावर व्याज सवलत मिळते ती मुदतीत फेडले तरच. ती गेली की स्वस्त पैसा महाग होतो.

2️⃣ सुगीचे पैसे आले की *सहा हप्ते* वेगळ्या खात्यात काढून ठेवा. या उदाहरणात साधारण ८७,००० रुपये. एवढे बाजूला ठेवून खरिपाची तयारी अडत असेल, तर यंदा गाडी नको.

3️⃣ हप्ता सुगीला जुळवून मिळतो का, हे बँकेत विचारा. मुदत ७ वर्षे केली तर लाखाला हप्ता २,०७६ वरून साधारण १,६०९ होतो, पण एकूण व्याज वाढते.

*थोडक्यात कोणी घ्यावी?*

👍 ज्यांचे फिरणे महिन्याला १,२०० किमीच्या वर आहे, घरी पक्की पार्किंग आणि चांगली लाइन आहे, आणि दूध, दुकान किंवा पगार असा दर महिन्याचा पैसा घरात येतो, त्यांनी जरूर विचार करावा. सोलर असेल तर अजून चांगले.

👎 ज्यांचे फिरणे कमी आहे आणि सगळी मदार एका पिकावर आहे, त्यांनी थांबलेले बरे. भाड्याची गाडी ठरवून जाण्यात कमीपणा नाही.

*तुमचा हिशोब करून हवा असेल तर* या मेसेजला पाच आकडे पाठवा : (१) ऑन-रोड किंमत (२) पदरचे किती भरणार (३) बँकेचा व्याजदर आणि मुदत (४) महिन्याचे किलोमीटर (५) मागच्या वीजबिलाचा फोटो, ग्राहक क्रमांक झाकून. दोन दिवसांत आकडे मांडून पाठवतो. किंवा कोटेशन घेऊन संकलन केंद्रावर या, सोबत बसून करू. सही करण्याआधी या, नंतर नको.

पुढचा मेसेज : हरभऱ्यातील घाटे अळी आणि कामगंध सापळे.


आपला,
कृषी तज्ज्ञ, शेतकरी उत्पादक कंपनी