किनाऱ्याचे काम बासरपासून : गोदावरीचा गाळ आणि मानधनी फेलोशिप

हवामानबदलामुळे किनारपट्टीवर येणारी चक्रीवादळे, शेतात शिरणारे खारे पाणी आणि जमिनीची धूप यांना तोंड देऊन पुन्हा उभे राहण्याचे गावाचे बळ वाढवायचे, तर केवळ बंधारे बांधून आणि रोपे लावून भागत नाही. मच्छीमार, शेतकरी, वनखाते, पाटबंधारे खाते आणि महसूल कार्यालय यांच्यामध्ये सातत्याने ये-जा करणारे, आकडे समजून घेणारे आणि लोकांची भाषा बोलणारे मनुष्यबळही लागते. हे मनुष्यबळ मिळवण्याचा एक मार्ग म्हणजे मानधनी फेलोशिप. शिष्यवृत्ती शिक्षणासाठी दिली जाते आणि नोकरीत काम आधीच ठरलेले असते. फेलोशिपमध्ये मात्र एक-दोन वर्षांच्या मुदतीत एखाद्या प्रश्नावर प्रत्यक्ष काम करीत शिकणे अपेक्षित असून त्या काळात उदरनिर्वाहाची सोय मासिक मानधनातून होते.

या पद्धतीला परदेशात मोठी परंपरा आहे. अमेरिकेत १९७९ पासून चालत आलेली नॉस फेलोशिप सागर व किनाऱ्याशी संबंधित विषयांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना वर्षभर वॉशिंग्टनच्या धोरणविषयक कार्यालयांत काम करण्याची संधी देते, तर १९९६ मध्ये सुरू झालेली किनारा व्यवस्थापन फेलोशिप नव्या पदवीधरांना दोन वर्षांसाठी एकेका राज्याच्या किनारा कार्यक्रमात पाठवते. दुसऱ्या योजनेत राज्य आपली नड सांगते आणि त्यानुसार फेलोची नेमणूक होते, त्यामुळे त्याचे काम अहवालापुरते राहण्याचा धोका कमी होतो.

भारतात याचे जवळचे उदाहरण किनाऱ्यावर नव्हे, तर अंतर्भागात सापडते. केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने २०११ मध्ये जाहीर केलेल्या पंतप्रधान ग्रामविकास फेलोशिपखाली टाटा समाजविज्ञान संस्थेच्या सहकार्याने तरुण पदवीधरांना जिल्हाधिकाऱ्यांच्या मदतीसाठी पाठवण्यात आले. नक्षलग्रस्त भागांसाठीच्या एकात्मिक कृती योजनेतील जिल्हे हे या योजनेचे क्षेत्र होते आणि त्या यादीत तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील आदिलाबादचाही समावेश होता. किनाऱ्याच्या बाबतीत २०१८ मध्ये हरित हवामान निधीने आंध्र प्रदेश, महाराष्ट्र व ओडिशा या राज्यांतील किनारी समुदायांसाठी ४.३४ कोटी डॉलरचे अनुदान मंजूर केले. खारफुटी, प्रवाळ व सागरी गवत यांचे पुनरुज्जीवन आणि हवामानाला साजेशी उपजीविका ही त्या प्रकल्पाची उद्दिष्टे आहेत. महाराष्ट्रात २०१२ मध्ये स्थापन झालेला वनविभागाचा कांदळवन (म्हणजे खारफुटी) कक्ष अशा कामांचा आधार ठरला असून, वेंगुर्ल्याजवळच्या मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ महिला बचत गटाने सुरू केलेली कांदळवन सफर संरक्षण आणि उत्पन्न एकत्र नांदू शकतात हे दाखवते.

बासर समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असल्याने या चर्चेशी त्याचा संबंध नाही असे वरवर वाटते. ज्ञानसरस्वतीच्या देवळासाठी प्रसिद्ध असलेले हे गाव पूर्वीच्या आदिलाबाद आणि २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात येते. गोदावरी नांदेड जिल्हा सोडून तेलंगणात शिरल्यावर काही अंतरावरच येथे पोहोचते. गावाच्या खालच्या बाजूस पोचमपाडजवळ श्रीरामसागर धरण आहे आणि त्याच्या जलाशयाचा फुगवटा, म्हणजे धरणामुळे नदीपात्रात मागे चढून साचलेले पाणी, या परिसरापर्यंत येतो. या धरणाची मूळ साठवण क्षमता ११२ टीएमसी होती (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी). गाळ साचल्यामुळे ती पुढील मोजणीत सुमारे ९० टीएमसीवर आली.

एरवी नदीबरोबर पुढे वाहून गेला असता असा हा गाळ धरणामागे अडकला, हे किनाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. नदीच्या मुखाशी तयार होणारा त्रिभुज प्रदेश स्वतःच्या वजनाने हळूहळू खचत असतो आणि दरवर्षी येणारा नवा गाळ ही घट भरून काढतो. जायकवाडी, श्रीरामसागर आणि इतर धरणांनी तो अडवला, की समुद्राची पातळी वाढत असताना जमीन वर उचलली जाण्याचा मार्ग आटतो. गोदावरीच्या मुखाजवळ, १९७८ मध्ये जाहीर झालेल्या कोरिंगा अभयारण्यातील खारफुटीही गोड्या पाण्यावर व गाळावर अवलंबून आहे. नोव्हेंबर १९९६ च्या चक्रीवादळात याच त्रिभुज प्रदेशातील कोनसीमा भागात शेकडो माणसे दगावली. अशा आपत्तीत लाटांचा जोर कमी करणारा हा हरित पट्टा टिकणे हा तेथील माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे.

म्हणून फेलोशिपची हद्द भरतीच्या रेषेवर थांबवणे अपुरे आहे. नदीचे पाणी राज्याराज्यांत कसे वाटले जाते, याचे भान तिला हवे. श्रीरामसागरच्या फुगवट्यातच, धर्माबादजवळ, महाराष्ट्राने बांधलेल्या बाभळी बंधाऱ्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१३ रोजी निकाल देऊन १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवण्याचे बंधन घातले, बंधाऱ्याचा साठा २.७४ टीएमसीपुरता मर्यादित ठेवला आणि देखरेखीसाठी त्रिसदस्यीय समिती नेमली. पाण्याच्या वाटपासाठी असा न्यायालयीन तोडगा निघाला, परंतु गाळ पुढे कसा सोडावा, जलाशयाकाठची शेती पुरातून कशी सावरावी आणि त्रिभुज प्रदेशाला याचा काय फायदा होईल, हे प्रश्न एका खात्याच्या कक्षेत मावत नाहीत. त्यांचा मेळ घालणे हे फेलोचे नेमके काम ठरू शकते.

बासर येथेच २००८ मध्ये स्थापन झालेले, ग्रामीण विद्यार्थ्यांसाठीचे राजीव गांधी ज्ञान तंत्रज्ञान विद्यापीठ आहे. गाळमोजणी, पूररेषांची आखणी आणि मराठी व तेलुगू या दोन्ही भाषांतील संवाद यांसाठी ते स्वाभाविक केंद्र होऊ शकते. मानधनाची अट येथे गौण नाही, कारण बिनपगारी काम ज्यांच्या घरी दुसरे उत्पन्न असते त्यांनाच परवडते आणि मग मच्छीमार, शेतमजूर व आदिवासी घरांतील तरुण आपोआप वगळले जातात. मुदत एका पावसाळ्यापेक्षा मोठी असणे, निवडीत स्थानिक तरुणांना निम्म्याहून अधिक वाटा मिळणे आणि फेलोच्या शिफारशीला उत्तर देण्याची जबाबदारी एखाद्या अधिकाऱ्यावर असणे, या तीन अटी पाळल्या, तर खर्च झालेला पैसा माणसांत आणि संस्थेत टिकतो. त्या न पाळल्यास फेलोशिप म्हणजे तरुणांसाठी अनुभवाची आणि खात्यासाठी स्वस्त मनुष्यबळाची सोय एवढेच तिचे स्वरूप उरते.