श्वास मोजायला एक मिनिट



मागील अंक वाचून काही जणांनी विचारले होते, "मेळघाटातल्या मुलांच्या सर्दी-खोकल्याची एवढी चिंता कशाला? आमच्या नातवंडांनाही तो होतोच की." प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर लिहिते.

मी धारणी तालुक्यातील कोरकू वस्त्यांवर परिचारिका म्हणून फिरते. बहुतेक सर्दी-खोकला विषाणूंमुळे होतो आणि आपोआप बरा होतो. धोका असतो तो न्यूमोनियाचा. आपल्या फुफ्फुसांत द्राक्षांच्या घडासारख्या हवेच्या बारीक पिशव्या असतात. न्यूमोनियात त्यांत पाणी व पू साचतो. शरीराला प्राणवायू कमी पडला की मूल भरभर श्वास घेऊ लागते. आजार वाढला की श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातो. "सिस्टर, पोराचं पोट उडून राहिलंय," असे आया सांगतात ते हेच. विदर्भात पुष्कळ घरी याला 'डब्बा' म्हणतात.

हा आजार ओळखायला मोठे यंत्र लागत नाही. मूल शांत असताना, म्हणजे रडत किंवा दूध पीत नसताना, त्याचा सदरा वर करून पोट किती वेळा वर येते ते पूर्ण एक मिनिट मोजायचे. २ महिन्यांपेक्षा लहान बाळात ६० किंवा अधिक, २ महिने ते १ वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि १ ते ५ वर्षांच्या मुलात ४० किंवा अधिक श्वास भरले, तर तो जलद श्वास समजावा. तान्ह्या बाळात आकडा जास्त आला तर पुन्हा एकदा मोजून खात्री करावी.

नुसता खोकला असेल तर अंगावरचे दूध चालू ठेवावे, कोमट पाणी किंवा पेज थोडी थोडी पाजावी, मूल उबदार ठेवावे. खोकला व जलद श्वास असेल तर त्याच दिवशी आशाताई किंवा आरोग्य केंद्र गाठावे. तेथे वजन व वयानुसार अमॉक्सिसिलीन देतात. बरे वाटले तरी औषध सांगितलेले सर्व दिवस पुरे करायचे आणि दोन दिवसांनी मूल पुन्हा दाखवायचे. छाती आत ओढली जाणे, पिणे बंद होणे, सगळे उलटून टाकणे, झटके, गुंगी, निळे ओठ यांपैकी काहीही दिसले किंवा २ महिन्यांच्या आतील बाळाचा श्वास जलद असला, तर १०८ला फोन करून थेट रुग्णालय गाठावे.

हे गावातच करता येते, हे आपल्या महाराष्ट्रानेच दाखवून दिले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातील कार्यकर्ते आणि सुईणींना न्यूमोनिया ओळखून औषध द्यायला शिकवले. ज्यांना आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी वाळूचे घड्याळ व मणी असलेले साधन तयार केले. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, जेथे हे काम झाले त्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू इतर गावांच्या निम्म्याहून कमी आढळले.

मग अजून मुले का दगावतात? अंतर आणि उशीर. मेळघाटात पावसाळ्यात नाले भरले की वाट बंद होते. दिवाळीनंतर कुटुंबे कामासाठी बाहेर पडतात आणि लसी चुकतात. काही घरी पोट उडू लागले की तापलेल्या विळ्याने बाळाच्या पोटावर चटके देतात. आईला रागावून हे थांबत नाही. ती आपल्या परीने बाळ वाचवायलाच धडपडत असते. म्हणून आम्ही भुमकाबाबांनाही बैठकीला बोलावतो आणि श्वास मोजून दाखवतो. एका वस्तीत आता तेच आधी पोट पाहतात आणि म्हणतात, "याला दवाखान्यात न्या, माझं काम नंतर."

आजार टाळण्याचे उपाय साधेच आहेत. पहिले ६ महिने फक्त आईचे दूध. दीड, अडीच व साडेतीन महिन्यांची पेंटाव्हॅलंट लस, दीड व साडेतीन महिने आणि ९ महिने पूर्ण झाल्यावर न्यूमोकोकल लस, ९ महिन्यांनंतर गोवर-रुबेला. या सर्व सरकारी केंद्रात मोफत मिळतात. कमी वजनाच्या बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरून ऊब द्यावी. चूल पेटली असताना बाळाला तिच्याजवळ झोपवू नये, कारण धुरानेही फुफ्फुसे दुबळी होतात. घरातील मोठ्या माणसाचा खोकला २ आठवड्यांपेक्षा जास्त टिकला तर क्षयाची तपासणी करून घ्यावी, तीही मोफत आहे.

शेवटी एक विनंती. नाताळच्या सुमारास आपण प्रेमाने औषधांची खोकी पाठवता. कृपया त्यांत कफ सिरप नको. लहान मुलांना त्याचा फायदा होत नाही, अपाय मात्र होऊ शकतो. २०२५मध्ये शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात दूषित सिरपमुळे अनेक बालके दगावली. त्याऐवजी सेकंदकाटा असलेली साधी घड्याळे, लोकरीच्या टोप्या आणि आजारी मुलाला रुग्णालयात नेण्यासाठी गाडीभाडे द्या. रात्री दहा वाजता आशाताईने श्वास मोजले आणि ते ५८ भरले, तर पुढचा प्रश्न गाडीचाच असतो.

आपल्या प्रार्थनांत या वस्त्यांची आठवण असू द्या.

आपली नम्र,
परिचारिका, मेळघाट विभाग