कुठं चांदीवर लांडगा, कुठं कुत्रा!

कझाकस्तानात संग्राहकांसाठी निघालेल्या एका चांदीच्या नाण्यावर ‘कोकबोरी’ विराजमान आहे. म्हणजे तुर्की लोककथांतला आभाळातला लांडगा. गोष्ट भलतीच तिखट. शत्रूनं अख्खी टोळी कापली, हातपाय तोडलेलं एकच पोर उरलं. एका लांडगीनं त्याला मांस भरवून जगवलं आणि पुढं त्याच्यापासून तिला दहा मुलगे झाले. त्यातल्या एकाचा वंश म्हणजे तुर्कांचं आशिना राजघराणं! त्यांच्या निशाणाच्या काठीवर लांडग्याचं सोनेरी मुंडकं असे. १९२७ साली तुर्कस्तानच्या पाच लिरांच्या नोटेवरही लांडगाच अवतरला.

आणि आपल्याकडं? शिवराईवर ना वाघ, ना घोडा. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. बस्स, अक्षरंच. मिरजेच्या टांकसाळीतल्या मराठी रुपयावर तर मजकूर फारसीत, नाव दिल्लीच्या बादशहाचं आणि मिरजेचं झालेलं ‘मुर्तजाबाद’.

मग पुराणातलं जनावर चांदीवर पाहायचं कुठं? सातारा-सांगलीकडच्या कुणाच्याही देवघरात डोकवा. खंडोबाचा टाक! दोन-तीन बोटं उंचीचा चांदीचा पत्रा, त्यावर ठशातून उठवलेला घोडा, वर खंडोबा-म्हाळसा आणि घोड्याच्या पायांशी इवलासा कुत्रा. रोजच्या पुसण्यानं देवाचं नाकडोळं झिजतं, पण कुत्र्याची शेपटी मात्र शाबूत असते! कऱ्हाड तालुक्यातल्या पालीला पौषात खंडोबाचं लग्न लागतं, तेव्हा तारळीचा काठ भंडाऱ्यानं पिवळा होतो. देवाचे वाघ्ये तर स्वतःलाच देवाचे कुत्रे म्हणवत, भुंकत आणि कोटंब्यात, म्हणजे लाकडी भिक्षापात्रात, वाढलेलं खात. लांडग्याचे नातू म्हणवणाऱ्या तुर्क खानांपेक्षा मला हा थाट अधिक भावतो.

खरा लांडगा माण, खटाव, जतच्या माळावर अजून फिरतो. धनगराच्या कळपावर त्याचा डोळा, त्याच्यावर धनगराच्या कुत्र्याचा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्याला वाघाच्याच अनुसूचीत बसवलंय. आपल्या नाण्यावर मात्र त्याला जागा नाही.

पण नाण्यावर काहीही असो, चांदीची खरी परीक्षा खानापूर-आटपाडीकडचा गलाईवाला, म्हणजे सोनं-चांदी गाळणारा, घेतो. देशभरच्या सराफ बाजारांत ही माणसं भट्टी लावून बसलेली. राणीछाप रुपया म्हणजे ११.६६ ग्रॅम, त्यात जवळपास ९२ टक्के चांदी. टाकणखार टाकून मूस तापली की राणी, लांडगा, देव सगळे एकाच भावात. म्हणून नाणं जपायचं असेल तर त्याला आधी गलाईवाल्यापासून लांब ठेवा.