यादीत नसलेलं बाळंतपण

कॉस्मेटिक सर्जरी म्हटलं की डोळ्यांसमोर नट्या येतात. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या संसारी बाईसाठी मात्र ती कानाच्या पाळीपासूनही सुरू होते. जड झुमके, कडेवरच्या बाळाचा हिसका, लोकलच्या गर्दीत ओढणीत अडकलेली रिंग. भोक लांबत जातं आणि एक दिवस पाळी दुभंगते. तेवढाच भाग बधिर करून, कडा ताज्या करून टाके घालतात. लेकीच्या लग्नात आईकडचं सोनं कानात घालायचं असतं, एवढंच कारण! फाटलेली पाळी जोडण्याच्या पंधरा रीती सुश्रुतसंहितेतही आहेत. १७९३ च्या सुमारास पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने कावसजी नावाच्या गाडीवानाचं कापलेलं नाक कपाळाची कातडी वळवून पुन्हा घडवलं. १७९४ मध्ये ती हकिकत लंडनच्या मासिकात छापून आली.

नाक परत मिळवणं ही गरज, हे सगळ्यांना पटतं. पोटाचं काय? गरोदरपणात पोटाचे उभे स्नायू मधोमध एकमेकांपासून दूर होतात. पुष्कळ जणींचे व्यायामाने सावरतात, काहींचे नाही. कातडी लोंबत राहते. अशी बाई बदलापूरहून साठ-सत्तर किलोमीटर मुंबईला कामाला जाते आणि अनोळखी बाई विचारते, ‘कितवा महिना?’ कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरीला जीएसटीची माफी मात्र जन्मजात व्यंग, वाढीतला दोष, इजा किंवा आघात यांनी बिघडलेलं शरीर पूर्ववत करण्यापुरतीच. बाळंतपणाचं नाव त्या यादीत नाही. मला हा अन्याय वाटतो.

याउलट, ‘मुलगी छान आहे, पण नाक जरा…’ असं पाहुण्यांनी म्हटलं म्हणून घडणारी सर्जरी मला अस्वस्थ करते. तिथे दोष नाकात नसतो. शिवाय, आरशातल्या बारीकशा खोटीने ज्यांचं जगणंच व्यापलं आहे, त्यांना सर्जरीने सहसा समाधान मिळत नाही. आधी मनाच्या डॉक्टरांची मदत लागते.

सर्जरी ठरवलीच, तर डॉक्टरांकडे प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा डी.एन.बी. पदवी आहे का, भूल कोण देणार, काही बिघडलं तर रात्री कुठे जायचं, हे आधी विचारावं. आणि तरुण मुलीसोबत आई, मावशी, होणारी सासू आल्या असतील, तर डॉक्टरांनी सगळ्यांना बाहेर बसवून तिच्याशी एकटीशी बोलावं.