टेंगळांची वही

सकाळी ६.५०. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात इंग्लंडमधल्या लीड्सला या वेळी पुरतं उजाडलेलं नसतं. शहराच्या उत्तर भागातल्या एका प्राथमिक शाळेच्या हॉलमध्ये आमचा क्लब चालतो. शाळा भरण्याआधी सव्वा तास आणि सुटल्यावर पावणेतीन तास. मुलं चार ते अकरा वर्षांची, आईबाप दोघंही नोकरीवाले. मी इथली व्यवस्थापक. म्हणजे किल्ली माझ्याकडे, आणि काही झालं तर कागदावर सहीही माझीच.

पहिलं काम टॉर्च घेऊन मैदानाची फेरी. ५ नोव्हेंबरला इथे बॉनफायर नाइट असते. त्यानंतर आठवडाभर मैदानात जळक्या रॉकेटांच्या काड्या आणि नळकांडी सापडतात. सोमवारी बाटलीच्या काचा. चढायच्या शिडीखाली झाडाच्या सालीचा भुगा अंथरलेला असतो, पडलं तर मार कमी बसावा म्हणून. मुलं उड्या मारून मारून तो नेमका जिथे हवा तिथूनच उडवतात, तेव्हा दाताळ्याने ओढून परत जागेवर आणायचा. दोर आणि कड्या हाताने हलवून बघायच्या. नुसतं बघून भागत नाही. ही झाली रोजची नजरफेरी. खेळाच्या साधनांचं जे युरोपीय मानक आहे, ईएन ११७६, त्यात याखेरीज दर एक ते तीन महिन्यांनी बारकाईची तपासणी आणि वर्षातून एकदा जाणकाराकडून मोठी तपासणी सांगितली आहे. पण दारासमोरच्या उतारावर साचलेली ओली पानं वर्षातून एकदा येणाऱ्या माणसाला दिसणार नाहीत. ती मलाच झाडायची.

आत आल्यावर जेवणाची घडीची टेबलं भिंतीला टेकवलेली असतात, त्यांच्या चाकांचे ब्रेक लागलेत ना ते बघायचं. दारांच्या बिजागरीवर बोटं सापडू नयेत म्हणून लावलेल्या पट्ट्या, खिडकीच्या पडद्यांच्या दोऱ्या, स्वच्छतागृहातली ओली फरशी. आज संकटकाळच्या दारापुढे कोणीतरी व्यायामाच्या मॅट रचून ठेवल्यात. हॉल उसना, त्यामुळे रोज काहीतरी कोणाचं तरी असतंच. मॅट हलवल्या, वेळ लिहिली.

फर्स्ट एड बॉक्स उघडून मोजायचा. भारतातून नव्याने आलेल्या पालकांना त्यात काय नाही याचंच नवल वाटतं. बर्नॉल नाही, सोफ्रामायसिन नाही, डेटॉल नाही. प्लास्टर, गॉझ, बँडेज, हातमोजे, बस. जखम पाण्याने धुवायची. भाजलं तर वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरायचं, घड्याळ लावून, कारण रडणाऱ्या मुलाजवळ तीन मिनिटंसुद्धा वीस वाटतात.

७.३०. ब्रेकफास्ट क्लब. टोस्ट, सीरियल, फळं. द्राक्षं उभी चिरलेली, लहानांना चार तुकडे करून. अख्खं द्राक्ष लहान मुलाच्या श्वासनळीत बुचासारखं बसतं. रिसेप्शनची, म्हणजे चार-पाच वर्षांची मुलं खात असताना मुलांच्या प्रथमोपचाराचं चालू प्रमाणपत्र असलेलं माणूस त्याच खोलीत हवं, असा नियम आहे. हे प्रमाणपत्र बारा तासांच्या शिक्षणानंतर मिळतं आणि दर तीन वर्षांनी नव्याने घ्यावं लागतं.

स्वयंपाकघराच्या दाराच्या आतल्या बाजूला ॲलर्जीची यादी. नताशा एडनान-लापेरूझ ही पंधरा वर्षांची मुलगी २०१६ मध्ये विमानतळावर घेतलेल्या सँडविचमधल्या तिळामुळे गेली. त्यानंतर झालेला कायदा ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहे आणि तिच्याच नावाने ओळखला जातो. आमच्याकडे शेंगदाण्याची ॲलर्जी असलेला एक मुलगा आहे. त्याची ॲड्रेनलिनची दोन इंजेक्शन-पेनं केशरी पिशवीत, मुलांचा हात पोचणार नाही पण आमचा लगेच पोचेल अशा जागी. कुलूप नाही. किल्ली शोधण्यात गेलेला वेळ परत मिळत नाही. सराव खोट्या पेनावर सगळे करतात, पार्ट-टाइम विद्यार्थीसुद्धा.

८.१०. तिसरीतल्या एका मुलाच्या दंडावर जुना, पिवळा पडत चाललेला वण दिसला. ‘हे कसं झालं रे?’ एवढंच विचारायचं. ‘कोणी मारलं का?’ असं उत्तर पुढ्यात ठेवायचं नाही. तो म्हणाला, भावाच्या सायकलवरून पडलो. त्याचेच शब्द, वेळ, शरीराच्या आकृतीवर खूण, आणि कागद मुलांच्या संरक्षणाची जबाबदारी असलेल्या शिक्षिकेकडे. बहुतेक वेळा सायकल ही सायकलच असते. तरी लिहायचं.

८.३०. एकीचा घोळणा फुटला. शेजारचा मुलगा तिला ‘मान मागे टाक’ सांगत होता. हे शास्त्र लीड्सपासून लातूरपर्यंत सारखंच चुकीचं पसरलेलं. मान मागे टाकली की रक्त घशात जातं. पुढे वाकवायचं, नाकाचा मऊ भाग चिमटीत दहा मिनिटं धरायचा, मध्येच सोडून बघायचं नाही. शाळेची घंटा होईपर्यंत थांबलं. वर्गशिक्षिकेला चिठ्ठी.

९.१५ नंतर हॉल शाळेचा, मी जिन्याखालच्या खोलीत. आज महिनाअखेरीचं राहून गेलेलं काम काढलं: ऑक्टोबरची अपघाताची वही वाचणं.

वही ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे ती सगळीकडे असते. वाचतात किती जण, हा प्रश्न वेगळा. एका पानावर एक प्रसंग: वेळ, जागा, काय झालं, काय केलं, कोणी पाहिलं, पालकाची सही. ‘दंगा करत होती म्हणून पडली’ असं आमच्याकडे लिहायचं नाही. ‘पळताना बाकाच्या कोपऱ्यावर उजवा गुडघा आपटला’ असं लिहायचं. धक्का देणाऱ्या मुलाचं नाव त्या पानावर येत नाही, कारण ते पान दुसऱ्याच्या आईच्या हातात जाणार असतं. प्रत्येक टेंगूळ, प्रत्येक खरचटणं. एकेकटं पान वाचलं तर काहीच कळत नाही. सगळी टेबलावर पसरली की जागा आणि वेळ बोलायला लागतात.

सगळ्यांची भीती चढायच्या शिडीवर. पालक क्लब बघायला आले की आधी तिच्याकडे बोट. पण आमच्या वहीत शिडीची पानं तुरळक. वर चढलेलं मूल जपून असतं. गर्दी असते ती हॉल आणि कॉरिडॉरमधल्या दारापाशी, खाणं संपतं आणि खेळ सुरू होतो त्या वेळात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात. मग सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो, मैदान लवकर बंद होतं आणि दिवसभर वर्गात बसलेली मुलं एका हॉलमध्ये येतात. पाण्याच्या बाटल्यांचं टेबल त्या दाराशेजारीच होतं. येणारे आणि जाणारे तिथेच एकमेकांवर आपटत होते. पळणं बंद करण्याचा फतवा काढला असता तर तो तीन दिवस टिकला असता. आज टेबल पलीकडच्या भिंतीला नेलं.

या देशाची सुरक्षेबद्दल थट्टा खूप होते. हॉर्स चेस्टनटच्या बिया दोरीला ओवून एकमेकांच्या बीवर आपटायचा कॉन्कर्स नावाचा खेळ आहे, तो सुरक्षेच्या नावाखाली बंद झाला, मुलांना गॉगल घालायला लावले, असे किस्से वर्तमानपत्रांत येत. खुद्द सरकारी सुरक्षा खात्याने, हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्हने, हा आपला नियम नव्हे असा खुलासा केला. २०१२ मध्ये तर मुलांच्या खेळाबद्दल निवेदन काढून स्पष्ट सांगितलं की धोका पूर्ण काढून टाकणं हे उद्दिष्टच नाही; खेळाचा फायदा आणि धोका दोन्ही तोलायचे. मला हा कागद फार उपयोगी पडतो. शिडी काढून टाका म्हणणाऱ्या पालकांपुढे मी तोच ठेवते.

बाहेर काय कळवायचं याचेही नियम आहेत. गंभीर इजा झाली तर शाळा आणि बालसंगोपन तपासणाऱ्या ऑफस्टेड या सरकारी संस्थेला शक्य तितक्या लवकर, जास्तीत जास्त १४ दिवसांत. साधनात किंवा देखरेखीत खोट असल्यामुळे मुलाला इथून थेट उपचारासाठी हॉस्पिटलात न्यावं लागलं तर सुरक्षा खात्यालाही. शिडीची कडी तुटली तर तो आमचा दोष. पकडापकडीत दोघं आपटली तर तो बहुधा खेळ. ऑफस्टेडचा निरीक्षक आमच्यासारख्या शाळेआधी-शाळेनंतरच्या क्लबला चांगलं-उत्तम अशी श्रेणी देत नाही. अटी पाळल्या की नाही, एवढंच सांगतो. मला ते आवडतं.

३.१५. वर्गावर्गांतून मुलं गोळा करणं. डोकी मोजायची, यादीशी जुळवायची. एक कमी. बुद्धिबळाला थांबलाय, असा निरोप शाळेच्या ऑफिसात अडकला होता. पाच मिनिटं, पण ती पाच मिनिटं पोटात गोळा येतो, दर वेळी.

४.२०. पाच वर्षांची मराठी मुलगी पायमोज्यांवर धावताना घसरली आणि कपाळ बाकावर आपटलं. आवाज झाला, मग क्षणभर शांतता, मग भोंगा. लगेच रडलं तर निम्मा जीव भांड्यात पडतो. झटकन उचलून कडेवर घ्यायचं नाही, हेच सगळ्यात अवघड. आपला हात आपोआप पुढे जातो. खाली बसून तिच्याशी बोलायचं, मान दुखते का, नाव काय, आत्ता काय खेळत होतो. एक सहकारी बाकीच्यांना दूर नेतो, दुसरी घड्याळ बघते. कापडात गुंडाळलेली थंड पिशवी दहा मिनिटं. बर्फ थेट कातडीवर नाही. टेंगूळ चांगलं सुपारीएवढं आलं. शुद्ध गेली नव्हती, उलटी नाही, चाल नीट. बेशुद्धी, झटका, वाढती गुंगी, पुन्हापुन्हा उलटी यातलं काही असतं तर रुग्णवाहिकेसाठी थेट ९९९. एरवी शंका असली तर लीड्स जनरल इन्फर्मरीत मुलांचा तातडीचा विभाग आहे. तिच्या स्वेटरला ‘माझं डोकं आपटलंय’ असा स्टिकर लावला आणि आईला फोन केला. डोक्याचा मार असेल तर पालकाला संध्याकाळपर्यंत वाट बघायला लावायची नाही. आई सेंट जेम्स हॉस्पिटलात नर्स, ड्यूटीवर. म्हणाली, आई न्यायला येतायत, सासूबाई, त्यांना नीट समजावून सांगा.

५.१०. आजी दारात. सांगलीहून दिवाळीला आलेल्या. आधी परवलीचा शब्द विचारला. यादीत नाव होतं तरी.

‘अगं, माझीच नात आहे ती!’

‘आजी, ठाऊक आहे मला. पण शब्द सांगितल्याशिवाय मी कोणालाच सोडत नाही.’

सांगितला. कपाळ पाहून पहिला प्रश्न: ‘हळद लावलीस का?’

‘नाही लावत इथे. गार शेक दिला.’

‘आणि एवढ्याश्या टेंगळाला कागद?’

कागद वाचून दाखवला. रात्री उलटी झाली, उठवूनही नीट जागी झाली नाही, डोकं वाढत दुखलं, तिरकी चालली किंवा असंबद्ध बोलली तर वाट बघू नका. झोपू द्यायला हरकत नाही. आजींनी चष्मा लावून सगळं पुन्हा वाचायला लावलं, मग मराठीत सही केली. मला त्या आवडल्या. ‘आमच्या वेळी’ म्हणत कागद चोळामोळा करणारे तरुण बाबा जास्त भेटतात.

६.००. शेवटचं मूल गेलं. शेवटची फेरी, दिवे, कुलूप. त्याआधी आजची पानं वहीत: घोळणा, कपाळ, आणि दारात सापडता सापडता वाचलेलं एक बोट. न झालेले अपघातही आम्ही लिहितो. पुढच्या खऱ्या अपघाताची जागा बहुतेक वेळा तेच दाखवतात. बाकाच्या कडांना रबरी पट्टी लावायची, पायमोज्यांवर धावायचं नाही, हे उद्याच्या यादीत.

महाराष्ट्रात शाळेनंतरचं मूल अजून बरंचसं आजी, शेजारीण, शिकवणी आणि कराटेचा वर्ग यांच्यात वाटलेलं आहे. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर सक्तीचं केलं. पण सात-आठ वर्षांच्या मुलाची दुपार त्यात सहसा येत नाही. तुम्ही घरी, सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा देवळाच्या ओसरीवर अशी दहा-पंधरा मुलं सांभाळत असाल तर निरीक्षक येण्याची वाट पाहू नका. शंभर पानी वही आणा. तारीख, वेळ, जागा, काय झालं, काय केलं, घरी कोणाला सांगितलं, एवढं लिहा. आणि महिन्यातून एकदा, दार लावून, ती पहिल्या पानापासून वाचा.